घाटावरचे, घाटाखालचे नवे वर्ष

आज 1 ऑगस्ट. पंचांगाने या दिवसाला सणाचा मान दिलेला नाही. दारी गुढी उभी राहत नाही, की चौकटीला तोरण लागत नाही. लोकमान्य टिळकांची पुण्यतिथी आणि अण्णा भाऊ साठे यांची जयंती म्हणून आपण तो ओळखतो, शाळेच्या पटांगणात आणि चौकाचौकांत दोन्ही तसबिरींना हार घालतो आणि पावसाकडे पाहत आपापल्या कामाला लागतो. वावरात कपाशी गुडघ्याशी आलेली असते, सोयाबीन फुलाच्या बेतात असते, डवरणीची घाई असते, आणि पोळ्याला अजून अवकाश असला तरी बैलांकडे पाहण्याची नजर आतापासूनच मऊ झालेली असते. अशा या ओल्या, हिरव्या दिवशी तहसील कचेरीच्या कागदपत्रांत एक वर्ष संपलेले असते आणि दुसरे उजाडलेले असते. 31 जुलैला महसुली वर्षाची अखेर होते आणि 1 ऑगस्टला नव्या वर्षाची पहिली नोंद पडते. राज्यभर हा दिवस महसूल दिन म्हणून पाळला जातो आणि अलीकडच्या काळात त्याचा सप्ताहही झाला आहे.

कचेरीचा हा पाडवा आपलाही आहे, हे मात्र आपल्या ध्यानी क्वचितच येते. आपल्या घरातील फार थोडी कागदपत्रे पिढ्यांमागून पिढ्या जपली जातात. लग्नाची याद हरवते, शाळेचे दाखले विरतात, पण आजोबांच्या नावाचा सातबारा पेटीच्या तळाशी घडी मोडू न देता ठेवलेला असतो. गाव नमुना सातमध्ये जमीन कोणाची हे लिहिलेले असते आणि बारामध्ये त्या जमिनीत काय पिकले हे. मालकी आणि मेहनत यांची अशी शेजारशेजारची नोंद ज्या समाजाने शतकानुशतके ठेवली, त्या समाजाने वर्षातून एखादा दिवस त्या नोंदीपाशी थांबावे, आपण राहतो त्या भूमीचा आणि तिच्या कारभाराचा ताळा मांडावा, हे रास्तच आहे. बुलढाणा जिल्ह्यात राहणाऱ्या आपल्यासाठी तर ते अधिकच रास्त आहे, कारण निसर्गाने दुभंगलेली भूमी कारभाराने एकत्र बांधून आपला जिल्हा घडला आहे.

बुलढाणा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 650 मीटर उंचीवर, अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या काठावर वसले आहे. वऱ्हाडच्या उन्हात होरपळलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांना इथली हवा मानवली आणि जिल्ह्याचा कारभार डोंगरमाथ्यावर आला. या माथ्यावरून उत्तरेकडे पाहिले, की राजूर घाटाच्या वळणांखाली मोताळा-मलकापूरचा सपाट, काळाभोर प्रदेश पसरलेला दिसतो आणि त्याच्याही पलीकडे, आभाळ स्वच्छ असेल तर, सातपुड्याची निळसर रेघ उमटते. पाठ फिरवली, की दक्षिणेला चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा, सिंदखेडराजा यांचे उंचसखल पठार लागते. जुन्या दप्तरांनी या दोन भागांना बालाघाट आणि पायनघाट म्हटले. आपण आजही बोलताना एवढेच म्हणतो, की अमका घाटावरचा आणि तमका घाटाखालचा. सोयरिक जुळवताना, निवडणुकीची गणिते मांडताना, पावसाचा अंदाज बांधताना ही दोन नावे आपल्या तोंडी इतकी सहज येतात, की त्यांच्यामागे केवढा भूगोल उभा आहे याचा विसर पडावा.

हा भूगोल पाण्याच्या वाटांवरून सर्वांत स्पष्ट कळतो. आज, नव्या महसुली वर्षाच्या पहिल्या दिवशी, घाटमाथ्यावर जी सर कोसळेल तिचे पाणी माथ्याच्या रेघेपाशी एकमेकांचा निरोप घेईल. उत्तर उतारावर पडलेले थेंब नळगंगा, विश्वगंगा, ज्ञानगंगा यांच्या ओढीने घाट उतरून पूर्णेला मिळतील, पूर्णा त्यांना तापीच्या स्वाधीन करील आणि ते अरबी समुद्राला जातील. त्याच ढगातून त्याच घटकेला दक्षिण उतारावर पडलेले थेंब पैनगंगेची किंवा खडकपूर्णेची वाट धरतील. पैनगंगा तर आपल्याच जिल्ह्यातील अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावते, मेहकरवरून पूर्वेला वळते आणि वर्धा-प्राणहितेच्या संगतीने गोदावरीत जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते. दोन समुद्रांना पाणी देणाऱ्या या जिल्ह्यात पाण्याची तिसरी गतही आहे. लोणारला उल्केच्या आघाताने बेसाल्ट खडकात जे विवर पडले, सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचे, त्यात उतरलेले पाणी कुठल्याच समुद्राला जात नाही. ते तिथेच थांबते, आटते आणि खारट होत राहते. 2020 मध्ये या सरोवराला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला, त्याच वर्षीच्या जूनमध्ये त्याचे पाणी गुलाबी झाले आणि साऱ्या जगाने काही दिवस आपल्या एका तालुक्याकडे टक लावून पाहिले.

पाण्याच्या वाटा जशा वेगळ्या, तशीच जगण्याची रीतही. घाटाखाली पूर्णेने हजारो वर्षे आणून टाकलेली खोल काळी माती आहे, कपाशीचा जुना लौकिक आहे, आणि ‘वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड’ ही म्हण ज्या ऐश्वर्यावरून पडली त्याचा एक वाटा मलकापूर-खामगावच्या बाजारपेठांचा आहे. मुंबईहून नागपूरकडे जाणारी रेल्वे याच सपाटीने मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव अशी जाते. खामगावच्या कापसासाठी जलंबपासून खास फाटा टाकला गेला तो 1870 मध्ये. घाटावर मात्र आजही रेल्वेचा रूळ नाही. जिल्ह्याचे मुख्यालय असलेल्या शहराला रेल्वे स्थानक नाही, आणि खामगाव-जालना मार्गाची मागणी इंग्रजी अमदानीपासून पिढी दर पिढी निवेदनांतून पुढे सरकत आली आहे. उलट, डिसेंबर 2022 मध्ये खुला झालेला समृद्धी महामार्ग मेहकर-सिंदखेडराजा अशी घाटावरची वाट काढून गेला. घाटाखाली भरपूर दिसणारे भूजलही सगळीकडे पिण्याजोगे नाही. पूर्णेच्या दोन्ही तीरांवरच्या खारपाणपट्ट्यात विहिरीला पाणी लागले तरी ते पिता येत नाही आणि पिकालाही सोसत नाही. या पट्ट्यातील मूत्रपिंडाच्या विकारांनी कित्येक घरांचे कर्ते हिरावले. वान धरणावरून 140 गावांना पाणी देण्याची योजना आखावी लागली ती याच पाण्यामुळे. घाटावर पाणी गोड आहे, पण खडकात ते टिकत नाही. मार्च उजाडला की विहिरी तळ दाखवू लागतात. एकाच जिल्ह्यात एकीकडे पाणी असून पिता येत नाही आणि दुसरीकडे पिण्याजोगे असून पुरत नाही. एकच शासन निर्णय दोन्हीकडे सारख्याच मापाने लावला, तर तो किमान एका ठिकाणी चुकणार, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

अशा या दोन प्रदेशांना एका नावाखाली कोणी आणि कसे आणले, हेही आजच्या दिवशी आठवावे. अकबराच्या काळात इथला मुलूख वऱ्हाड सुभ्यातील मेहकर, नरनाळा अशा निरनिराळ्या सरकारांत वाटलेला होता. पुढे निजाम आणि नागपूरकर भोसले यांचा दुहेरी अंमल इथल्या रयतेने सोसला, एका पिकावर दोन धन्यांना वसूल दिला. 1853 च्या तहाने वऱ्हाड कंपनी सरकारच्या कारभाराखाली गेले. त्यानंतर 1860 च्या दशकात या भागाचा स्वतंत्र जिल्हा झाला आणि मुख्यालय बुलढाण्याला आले. तेव्हा चिखली, मेहकर आणि मलकापूर हेच काय ते तीन तालुके होते. 1903 मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडले गेले आणि 1905 च्या ऑगस्टमध्ये वऱ्हाडातील सहा जिल्ह्यांची फेररचना झाली, तेव्हा अकोल्याकडचे खामगाव आणि जळगाव हे तालुके आपल्यात आले. घाटाखालच्या या भरीने जिल्ह्याची दोन्ही पारडी समतोल झाली. नंतर मध्य प्रांत-वऱ्हाड, मग मध्य प्रदेश, 1956 मध्ये द्विभाषिक मुंबई राज्य आणि 1 मे 1960 रोजी महाराष्ट्र असे आपले मुक्काम झाले. पाच तालुक्यांचे यथाकाल तेरा झाले. त्या तेरा तालुक्यांची आज सहा उपविभागांत विभागणी आहे आणि विधानसभेचे सात मतदारसंघ आहेत. त्यातही मलकापूर लोकसभेसाठी खानदेशातल्या रावेरला जोडलेले, बाकीचे सहा बुलढाण्याचे. राजधानी कधी हैदराबाद, कधी नागपूर, कधी मुंबई. आपले खेडे मात्र जिथल्या तिथेच, आणि त्या खेड्याची जमीनही त्याच धुऱ्यांच्या आत.

म्हणूनच की काय, या भूमीतील माणसाला नकाशावरच्या रेघांपेक्षा वावराच्या धुऱ्याची काळजी अधिक. राज्ये बदलली तरी पाटील-पटवाऱ्यांचे दप्तर बदलले नाही आणि कोतवालाची दवंडी थांबली नाही. पटवाऱ्याला पुढे आपण तलाठी म्हणू लागलो. नुकतेच त्याचे नाव ग्राम महसूल अधिकारी झाले. पण पावसाळ्यात चिखल तुडवत शिवारात जाऊन कोणत्या गटात काय पेरले आहे ते डोळ्यांनी पाहणे आणि पाहिले तेवढेच लिहिणे, हेच त्या खुर्चीचे काम मलिक अंबराच्या दिवसांतही होते आणि आजही आहे.

मलिक अंबराचे नाव निघाले की सिंदखेडच्या लखुजी जाधवरावांची आठवण येणारच. निजामशाहीतले हे मातब्बर सरदार आणि त्यांचे पुत्र 1629 मध्ये देवगिरीच्या दरबारात दगाफटक्याने मारले गेले. त्यांच्या लेकीने, 12 जानेवारी 1598 रोजी सिंदखेडराजाला जन्मलेल्या जिजाऊंनी, पुढे उजाड पडलेल्या पुण्यात सोन्याच्या नांगराने जमीन नांगरविली, असे परंपरा सांगते. गाढवाचा नांगर फिरलेल्या भूमीत पुन्हा रयत बोलवावी, तिला बियाणे-बैल द्यावेत, पहिली वर्षे वसूल सौम्य ठेवावा आणि मगच हिशेब मागावा, हा महसुलाचा खरा धडा त्या नांगराच्या फाळाने लिहिला. महसूल म्हणजे रयतेकडून घेणे एवढेच नव्हे, तर आधी रयत उभी करणे, ही समज या मातीतल्या लेकीची आहे. आपण दर वर्षी 12 जानेवारीला राजवाड्यासमोर नतमस्तक होतो. त्याच जिल्ह्यात 2011 च्या जनगणनेने शून्य ते सहा वयोगटातील हजार मुलग्यांमागे फक्त 855 मुली मोजल्या, हे आजच्या ताळेबंदात लिहिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. कारभाराने ठेवलेल्या साऱ्या नोंदींत इतकी बोचरी दुसरी नसेल, आणि तिचा जाब तहसीलदारांनी नव्हे, आपणच द्यायचा आहे.

भूगोल आणि कारभार यांचा हा मेळ घालण्याची अडचण काही आपल्या एकट्याची नाही. युरोपच्या आग्नेय टोकाला बल्गेरिया नावाचा देश आहे. त्याच्या मध्यातून स्टारा प्लानिना ही पर्वतरांग आडवी गेली आहे. तिच्या उत्तर अंगाचे पाणी डॅन्यूबला आणि तिच्यासवे काळ्या समुद्राला जाते, दक्षिण अंगाचे पाणी मारित्साच्या वाटेने एजियन समुद्राला. आपल्या घाटमाथ्याची मोठी बहीणच ती. त्या देशाने 1987 मध्ये आपले प्रांत एकत्र करून फक्त नऊ मोठे विभाग केले आणि बारा वर्षांत, 1999 मध्ये, ते मोडून पुन्हा 28 प्रांत केले. कारभार लोकांपासून फार लांब गेला की तो परत जवळ आणावा लागतो, हे त्यांनाही कळून चुकले. रांगेच्या उत्तर कुशीत गाब्रोवो प्रांत आणि शिपका खिंड ओलांडली की दक्षिणेला स्टारा झागोरा, अशी डोंगराच्या दोन अंगांना त्यांनी दोन प्रांतांची घडी बसवली. प्रांताचा प्रमुख तिथेही सरकारच नेमते, जसा आपला जिल्हाधिकारी, आणि नगराध्यक्ष लोक निवडतात. आकाराने पाहावे, तर आपल्या 9,661 चौरस किलोमीटरच्या जिल्ह्यात त्यांचे सरासरी दोन-अडीच प्रांत मावतील. माणसांनी पाहावे, तर तो सारा देश 2021 च्या मोजणीत 65 लाखांचा भरला, आणि आपला एक जिल्हा 2011 मध्येच 25 लाख 86 हजारांचा होता. त्यांच्या वायव्य कोपऱ्यातील विदिन प्रांतात जेमतेम पाऊण लाख माणसे उरली आहेत. तरुण निघून गेले, घरे बंद झाली, खेडी ओस पडली. तिथल्या प्रांताधिकाऱ्यापुढे माणसे टिकवायची कशी, हा प्रश्न आहे. आपल्या जिल्हाधिकाऱ्यांपुढे एवढ्या माणसांपर्यंत पोहोचायचे कसे, हा आहे. आपल्या महसुली दप्तरातही ओस पडलेल्या गावांची नावे रीठ म्हणून जपलेली आहेत. पुणे-मुंबई-सुरतेच्या गाड्या भरभरून आपली तरुण मुले जात आहेत. विदिनचे दुखणे आपल्या वेशीपर्यंत यायला फार काळ लागेल, अशा भरवशावर राहू नये.

पोहोचण्याचा प्रश्न आपल्याकडे कुठे टोकाला जातो, हे पाहायचे तर सातपुड्याच्या पायथ्याशी जावे. जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांच्या उत्तर टोकाला, अंबाबरवा अभयारण्याच्या आसपास, कोरकू, भिल्ल-भिलाला, निहाल अशा आदिवासी कुटुंबांच्या वस्त्या आहेत. तिथल्या माणसाला एखाद्या कामासाठी मुख्यालय गाठायचे तर आधी डोंगर उतरायचा, मग पूर्णेचे खोरे आडवे ओलांडायचे आणि शेवटी घाट चढायचा. त्याचा सारा दिवस जातो, आणि साहेब दौऱ्यावर असले तर दुसराही. डिसेंबर 2022 मध्ये यांतील काही वस्त्यांनी आम्हाला मध्य प्रदेशात जोडा, अशी मागणी केली, तेव्हा ती अनेकांना बंडखोरीची वाटली. वास्तविक ती अंतराची तक्रार होती. रस्ता, वीज, दवाखाना ज्या दिशेने जवळ दिसतो त्या दिशेला माणसाचे तोंड वळते. खामगावच्या स्वतंत्र जिल्ह्याची मागणीही अशाच अंतरातून वर्षानुवर्षे उगवत राहिली आहे. उंबरठ्यावर आलेली निवडणूक तिला पालवी फोडते आणि निकालानंतर ती पुन्हा सुकते. जिल्हा मोडावा की राखावा, याचा कौल एका लेखात देता येणार नाही. पण जिल्हा एक ठेवायचा असेल, तर कचेरीनेच घाट उतरून पूर्णाकाठी आणि सातपुड्यापर्यंत गेले पाहिजे, यात दुमत असू नये. टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला एक तरुण वाघ 2019 च्या अखेरीस तेराशे किलोमीटरांहून अधिक चाल करून, दोन राज्यांचे जिल्हे तुडवत, ज्ञानगंगा अभयारण्यात मुक्कामाला आला. त्याला कोणत्याही हद्दीची परवानगी लागली नाही. माणसाला मात्र एका दाखल्यासाठी हद्दीच्या आतच इतकी पायपीट करावी लागते, याचा विचार नव्या वर्षाच्या पहिल्या बैठकीत व्हायला हवा.

दुसरी बाब नोंदीच्या खरेपणाची. आपल्याकडे अक्षय्य तृतीयेला पूर्णाकाठी भेंडवळ गावी घटमांडणी होते. शिवारात वर्तुळ आखून अठरा धान्ये मांडली जातात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ती पाहून पाऊस-पाण्याचे, पिकांचे, अगदी राजाच्या गादीचेही भाकीत सांगितले जाते. पंचक्रोशीच काय, दूरदूरचे शेतकरी ते ऐकायला येतात. श्रद्धा-अश्रद्धेचा वाद बाजूला ठेवला, तरी एक गोष्ट खरी, की तिथे सारे गाव एका वर्तुळाभोवती जमते आणि काय ठरले ते सर्वांच्या कानी पडते. सरकारचीही अशी एक मांडणी असते. तिला आपण जुन्या सवयीने आणेवारी म्हणतो. सप्टेंबरअखेर नजरअंदाज पैसेवारी, मग सुधारित आणि वर्ष सरताना अंतिम. पन्नास पैशांच्या खाली की वर, या एका आकड्यावर गावाची दुष्काळी सवलत, वसुलीची स्थगिती, लेकरांची परीक्षा शुल्कमाफी टांगलेली असते. पण पीक कापणीचा प्रयोग कोणत्या वावरात झाला, कोणासमक्ष झाला, हे गावातल्या किती जणांना ठाऊक असते? भेंडवळच्या वर्तुळाभोवती जेवढी गर्दी, तिच्या दहाव्या हिश्श्याची जरी पैसेवारीच्या पंचनाम्याभोवती जमली, तरी तो आकडा अधिक खरा निघेल.

15 ऑगस्ट 2021 पासून आपल्या पिकाची नोंद मोबाइलवरून आपणच करावी, अशी ई-पीक पाहणीची सोय झाली. शतकानुशतके पटवाऱ्याच्या हाती असलेली लेखणी प्रथमच शेतकऱ्याच्या हाती आली. तिच्यात अडचणी आहेत. डोंगराआड रेंज मिळत नाही, वयस्कांना जमत नाही, शेवटच्या तारखेला सारी यंत्रणा अडून बसते. तरीही अतिवृष्टीची मदत आणि पीक विमा यांच्या रांगेत उभे राहिल्यावर नोंदच केली नव्हती हे कळणे, ही दर वर्षीची व्यथा निम्म्याहून अधिक आपल्याच टाळाटाळीतून येते. जुलै 2023 मध्ये संग्रामपूर आणि जळगाव जामोदला सातपुड्यातून आलेल्या पुराने वावरेच्या वावरे खरवडून नेली. माती गेली की मागे पुरावा म्हणून उरते ती फक्त नोंद.

जी नोंद केवळ शासनाची नव्हे, साऱ्या गावाची असते, तिची दशा तर अधिक दयनीय आहे. गावच्या ई-क्लास जमिनी गुरांच्या चराईसाठी राखलेल्या होत्या. त्यांच्यावर कोणी आधी कुंपण घातले, मग पेरले, मग हक्क सांगितला, आणि आपण आपल्या धुऱ्याला लागले नाही म्हणून गप्प राहिलो. पांदण रस्ते नकाशावर रुंद आहेत. प्रत्यक्षात दोन्हीकडच्या वहितीने त्यांचे पोट असे आवळले आहे, की भर पावसाळ्यात बैलगाडी जाईना आणि ट्रॅक्टर तर मुळीच नाही. तहसीलदारांनी मोजणी लावून पांदण मोकळी केली, तर त्यांना सत्कार घडतो. आपण सर्वांनी मिळून एक बैठक मारली असती, तर त्या मोजणीची गरजच पडली नसती.

कारभार आणि भूगोल हातात हात घालून चालले, की काय घडते, याचे उदाहरण शोधायला आपल्याला दूर जावे लागत नाही. राष्ट्रीय महामार्गांच्या रुंदीकरणाला माती-मुरूम हवा होता आणि आपल्या तलावांना, नाल्यांना गाळ उपसणारा हवा होता. दोन्ही गरजा एकत्र आणल्या गेल्या. तलाव खोदून निघालेला मुरूम रस्त्याला गेला आणि तलावात पाण्याची जागा वाढली. ‘बुलढाणा पॅटर्न’ या नावाने ही रीत देशभर चर्चिली गेली. याच्या दुसऱ्या टोकाला पूर्णेवरचा जिगाव प्रकल्प आहे. खारपाणपट्ट्याला गोड पाणी देण्याचे त्याचे स्वप्न तीन दशकांहून अधिक काळ कागद, निधी आणि पुनर्वसन यांच्या फेऱ्यांत फिरते आहे. ज्या गावांनी त्यासाठी उठायचे त्यांची एक पिढी नव्या गावठाणाची वाट पाहत म्हातारी झाली. एकाच जिल्ह्यात अशी दोन उदाहरणे आहेत. पहिल्याचे श्रेय आपण उत्साहाने वाटून घेतो, तर दुसऱ्याचे उत्तरदायित्वही वाटून घ्यायला हवे.

याच दिवसांत पंढरपूरहून निघालेली गजानन महाराजांची पालखी परतीच्या वाटेवर असते. सिंदखेडराजाच्या बाजूने ती जिल्ह्यात येते, लोणार, मेहकर असे मुक्काम करीत पठार ओलांडते, घाट उतरून खामगावला येते आणि शेगावच्या गाभाऱ्यापाशी विसावते. घाटावरची माणसे तिला भाकरी देतात, घाटाखालची माणसे रांगोळ्या काढतात. वाटेत कोणालाही कोणता तालुका, कोणता मतदारसंघ, हे विचारावे लागत नाही. याच मुलखातल्या मेहुणा राजा गावी जन्मलेल्या चोखोबांच्या नावाने खडकपूर्णेच्या जलाशयाला आपण संत चोखासागर म्हणतो, तेव्हाही हेच घडते. ज्याला उंबरठ्याबाहेर उभे केले गेले, त्याच्या नावाचे पाणी आज सर्वांच्या शेतात जाते. परंपरेने जे पायी चालून साधले, ते कारभाराने नियमाने साधायचे आहे.

म्हणून या नव्या महसुली वर्षाकडून मागायचे ते मोजकेच आहे. जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांनी वर्षाचा पहिला दौरा मुख्यालयापासून सर्वांत लांबच्या गावापासून सुरू करावा. पैसेवारीचे प्रयोग गावाला आधी कळवून गावासमोर करावेत. घाटावरच्या आणि घाटाखालच्या पाण्याचे नियोजन दोन वेगळ्या मापांनी व्हावे. आणि आपण? आपण या पंधरवड्यात आपल्या पिकाची नोंद आपल्या हाताने करावी, शेजारच्या म्हाताऱ्या काकांचीही करून द्यावी. 15 ऑगस्टच्या ग्रामसभेला झेंडावंदन आटोपून घरी न परतता शेवटपर्यंत बसावे, ई-क्लासची आणि पांदणीची मोजणी मागावी, आणि त्या मोजणीत आपलाच धुरा पुढे सरकलेला निघाला तर तो मागे घ्यावा. घरात सातबाऱ्यावर फक्त लेकांची नावे असतील, तर लेकींचीही लावावीत. 31 जुलैला हे वर्ष संपेल, तेव्हा त्याचा हिशेब कचेरीइतकाच आपल्यालाही द्यावा लागेल.